उकळलेल्या पडद्याची कैफियत

मित्रांनो, पडद्याला कोणी उकळतं का हो? बटाटे उकळावेत, अंडी उकळावीत. मला उकळलं! आणि ज्या माणसाच्या झोपेसाठी माझा जन्म झाला, त्याच्याच सख्ख्या आईने उकळलं. वैताग येणार नाही तर काय होईल?

मी देगू शहरातल्या एका झोपायच्या खोलीचा जुना, जाडजूड, उजेड अडवणारा पडदा आहे. हे शहर चारी बाजूंनी डोंगरांत कोंडलेलं. जुलै महिन्यात इथली फरशीसुद्धा पायाला चटके देते. त्यात आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि खिडकी अशी की सकाळपासून सूर्य आत शिरतो तो संध्याकाळपर्यंत हलत नाही.

या खोलीत थेसिक झोपतो. तो कापड रंगवण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. ओलं कापड मोठमोठ्या फिरत्या रुळांमधून पुढे सरकवायचं, हे त्याचं काम. सगळं जग झोपतं तेव्हा हा जागा, आणि सूर्य वर आला की याने झोपायचं. पण झोपणार कसा? आधी खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती उन्हाने पिवळी पडून गळून पडली. थेसिक नुसता कूस बदलत, घाम पुसत पडून राहायचा.

एक दिवस तो घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची एक बाही कोपरापासून गायब होती. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि रुळाने बाही ओढून घेतली. सोबतच्याने लाल बटण दाबलं म्हणून निभावलं.

"बाही गेली, हात राहिला," असं म्हणून थेसिक हसला. घरात दुसरं कोणी हसलं नाही.

त्याची बायको इन्सुक वीस वर्षं सोमुन बाजारात पडदे शिवते आहे. अर्ध्या शहराच्या खिडक्या तिने झाकल्या. स्वतःच्या घराला मात्र पडदा नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर उजेडाचाच ताप. त्या दिवशी तिने गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारलं आणि एका हॉटेलच्या कामातून उरलेलं कापड ओढलं. तो मी. पुढून करपलेल्या भाताच्या रंगाचा आणि मागून पांढऱ्या, जाड लेपाचा.

"एवढा जाड?" शेजारची बटणं विकणारी बाई म्हणाली. "नवऱ्याला कोंडून ठेवतेस की काय?"

"हो, कोंडते. झोपेल तरी मेला!" इन्सुक म्हणाली.

तिने मला किती जपून शिवलं म्हणून सांगू! लेपाला टाचणी टोचली की ते भोक कधी बुजत नाही, म्हणून तिने एकही टाचणी लावली नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी माझ्या कडा धरल्या. टाके लांब लांब घातले. खालच्या दुमडीत वजनाची साखळी ओवली, म्हणजे मी वाऱ्याने उडू नये. दोन्ही बाजूंना वीतभर कापड जास्त ठेवलं, म्हणजे कडेने उजेड घुसू नये. पांढरी बाजू खिडकीकडे, उन्हाला आल्या पावली परत पाठवायला.

पहिल्याच दिवशी थेसिक सकाळी नऊला आडवा झाला तो साडेचारला उठला. खोली काळोखी आणि गार. थंडगार शेवया भुरकत तो खुशीत म्हणाला, "अगं, आज तर मी मेलोच होतो!"

झालं! त्याच्या आईने, माल्सुन आजीने, हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. आजी शहात्तर वर्षांची. बंद खोलीत पंखा लावून माणूस झोपला की तो पुन्हा उठत नाही, यावर तिचा गाढ विश्वास. आणि थेसिकच्या उशाशी पंखा फिरत असायचा. मुलाच्या तोंडून 'मेलो' ऐकल्यावर तिला कुठलं चैन पडायला?

दुसऱ्या दिवसापासून दर तासाला दार वाजायचं. आजी आत यायची, मला फर्रकन बाजूला ओढायची, लेकाच्या तोंडावर लख्ख ऊन पाडायची आणि त्याची छाती हलते का ते निरखून बघायची.

"थेसिक, आहेस ना रे बाळा?"

"आहे, आई."

"बरं बरं, झोप हं."

आता काय झोपणार, कपाळ! मी उजेड अडवायचा आणि हिने आत घ्यायचा. इन्सुक सांगून सांगून थकली. पालथ्या घड्यावर पाणी. तरीही दिवसाकाठी चार-पाच तास झोप मिळत होती. मी कुरकुरत काम करत राहिलो.

दोन वर्षं अशी गेली. मग या वसंतात वाळवंटाकडून पिवळी धूळ आली आणि घरभर बसली. इन्सुक लग्नसराईच्या कामात बुडालेली. आजीने घर धुवायला काढलं. मला खाली उतरवलं, उलटं केलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"अगबाई! हा मागून पांढरा आहे, आणि दोन वर्षांत एकदाही उकळला नाही?"

मित्रांनो, इथल्या आज्यांचा नियमच आहे. बनियन, पंचे, हातपुसणी, जे जे पांढरं ते ते साबण घालून मोठ्या पातेल्यात रटरट उकळायचं. थंड पाण्यात धुवा, अशी चिठ्ठी माझ्या कडेला शिवलेली होती. पण आजीचा चष्मा उशीखाली होता. गच्चीवर शेगडी पेटली. मी त्या पातेल्यात अर्धा तास उकळत होतो आणि वरून काठीने ढोसणं चालू होतं. माझा लेप आधी फुगला, मग तडकला, मग पापुद्र्यांनी सुटून फेसावर तरंगायला लागला. आजी खूश! "बघा, केवढा मळ निघाला!"

मळ कसला, बाई? तो मीच होतो!

पुन्हा टांगल्यावर माझ्यातून उजेडाचे शेकडो ठिपके खोलीभर पडले. संध्याकाळी इन्सुकने ते पाहिलं आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला.

"आई! हा उकळलात?"

"पांढरा होता."

"पांढरं दिसेल ते उकळायचं? मग बर्फही उकळा!"

"तुझ्या आईने तुला शिकवलं नाही वाटतं, उकळल्याशिवाय पांढरं स्वच्छ होत नाही ते?"

आईचा उद्धार झाल्यावर इन्सुक हट्टाला पेटली. लग्नसराई संपेपर्यंत नवा पडदा होणार नाही, म्हणाली. आजीही काही कमी नाही. तिने आपल्या पाठदुखीच्या औषधी पट्ट्या आणल्या आणि माझ्या भोकांवर एकेक करून चिकटवल्या. चाळीस पट्ट्या! खोलीत कापराचा असा वास सुटला की थेसिक दुपारभर शिंकत होता. उन्हाने गोंद वितळला आणि एक पट्टी सुटून बरोबर त्याच्या कपाळावर पडली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अकरा दिवस त्याला धड झोप नव्हती. बाराव्या दिवशी सकाळी तो आला तो डाव्या हाताला भलंमोठं बँडेज बांधून. रुळात दोन बोटांची टोकं चेंगरली होती. हाडं वाचली, नखं गेली.

"डुलकी लागली," एवढंच तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

आजी त्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तिने जेवणाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला फडक्यात बांधलं आणि बसमध्ये बसून थेट सोमुन बाजार गाठला. सगळी ओळ बघत असताना तिने मला इन्सुकच्या मशीनवर ठेवलं.

"सूनबाई, हा मी उकळला. माझंच चुकलं. याला अस्तर कसं लावायचं ते मला दाखव."

इन्सुकने मान वर केली नाही. "आता दाखवून काय उपयोग, आई? नखं परत येणार आहेत?"

"नखं जाऊ देत. हात जायच्या आधी आले आहे," आजी म्हणाली.

बटणवाली दुसरीकडे बघायला लागली. इन्सुकने पायाने एक स्टूल आजीकडे सरकवलं. "मीही हट्ट धरायला नको होता. बसा. आणि ती हातातली टाचणी खाली ठेवा आधी!"

"मग धरायचं कशाने?"

"चिमट्याने. किती वेळा सांगू, आई?"

"एकदाही सांगितलं नव्हतंस," आजी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

त्या दोघींनी मिळून माझ्या पाठीला घट्ट काळं अस्तर आणि त्यावर नवं पांढरं कापड लावलं. डावीकडची शिवण इन्सुकची, सरळ. उजवीकडची आजीची. ती इतकी वाकडी आहे की मला अजून चीड येते. पण तिच्यातून उजेड येत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंवर चिठ्ठी शिवलेली असते ती शोभेसाठी नसते. धुण्याआधी चष्मा लावा आणि वाचा. आणि घरात कोणी दिवसा झोपत असेल तर त्याच्या झोपेशी खेळू नका. माझं एवढं ऐकाल तर उपकार होतील.

थांबा, दार वाजलं. थेसिकचा हात बरा झालाय, कालपासून तो पुन्हा कामावर जातोय. आत्ता साडेअकरा वाजलेत आणि तो घोरतोय. आजी आलीच! हिची सवय काही जायची नाही. भिंत चाचपत, अंधारात पाय ओढत येतेय. आता मला ओढणार, बघा.

ती माझ्यापर्यंत आली नाही. लेकाच्या उशाशी वाकली आणि हाताची पालथी बाजू त्याच्या नाकाखाली धरली. हाताला श्वास जाणवला तसा तिने तो हळूच मागे घेतला.

मग ती खिडकीपाशी आली. माझी एक कड जराशी सरकली होती. ती तिने भिंतीला नीट लावली आणि दार ओढून घेतलं.