मामाच्या रुसण्याची वीस मिनिटं

औरंगाबादला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ऑपरेशन्स रिसर्च नावाचा विषय होता आणि तो मला समजला होता. वर्गात समजलेला मी एकटाच, असं माझं मत होतं. सरांनी क्रिटिकल पाथ शिकवला. एखाद्या कार्यातली सगळी कामं बाणांनी जोडायची, प्रत्येकाचा वेळ लिहायचा. ज्या कामांना उशिराची सवडच नसते त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. त्यातलं एक अडलं की सगळं अडलं. उन्हाळी सुट्टीत प्रत्येकाने एका खऱ्या कार्याचा तक्ता करून आणायचा होता. मी धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न निवडलं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, थोरल्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त दीड तास टळला होता. सोनाजीमामा रुसला होता. मामा कळमनुरीकडचा. आमच्या घरी फक्त लग्नकार्याला यायचा आणि आला की रुसायचा. त्या वेळी चहा बिनकानाच्या कपात दिला एवढं निमित्त झालं, आणि तो मारुतीच्या देवळामागे लिंबाखाली जाऊन बसला. नवरीला मांडवात मामाच आणतो, म्हणून सगळं गाव थांबलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे गेली, दोघं बराच वेळ बोलत बसली, मग तो आला. या खेपेला शकूचे सासरे हिंगोलीच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. मुहूर्त चुकला तर वऱ्हाड परत नेईन, असं त्यांनी साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं.

मी एकतीस कामं काढली आणि तक्ता खळीने ओसरीच्या भिंतीवर चिकटवला. सतरावं काम होतं, 'मामाचा रुसवा काढणे. वीस मिनिटं. सवड शून्य.' आईने अकरा वाजता तांब्या घेऊन लिंबाखाली जायचं होतं.

मामा आदल्या दिवशी आला. निजामाच्या काळात तो उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याने तक्ता मलाच वाचायला लावला. एवढ्या आस्थेने तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी बोट ठेवून एकतीसच्या एकतीस कामं वाचली. सतरावंही ओघात वाचून गेलो.

मामाने भिंतीकडे बोट केलं.

"अन् म्या रुसलोच न्हाई तर?"

"मग वीस मिनिटं वाचतात, मामा."

"बराबर हाय," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा रुसला नाही. त्याला फेटा उशिरा बांधला, पंगतीला हाक मारायचं विसरले, तरी तो हूं की चूं बोलला नाही. अकरा वाजता आई तक्त्याप्रमाणे तांब्या घेऊन लिंबाखाली गेली आणि भरलेला तांब्या तसाच घेऊन परत आली. मामा शकूला घेऊन मांडवाच्या तोंडाशी केव्हाचा उभा होता. अकरा बावन्नचा मुहूर्त अकरा बावन्नला लागला. कंट्रोलरसाहेबांनी आपल्या घड्याळाकडे बघत माझा हात हातात घेतला. मी फुगलो होतो.

जेवणं उरकल्यावर मी आईला म्हणालो, "पाहिलंस? वीस मिनिटं वाचली."

"वाचली व्हय? ठेव बांधून," आई म्हणाली. ती रडत होती. "इतक्या मोठ्या भावकीत भावाजवळ बसून दोन शब्द बोलायला मला कोण सोडतंय? तो रुसला म्हणलं की कुणी आडवीत न्हाई. तो काहून रुसतो, तुला काय कळतंय?"

मला खरंच कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. "मामा कुठंय?" मी विचारलं. तो दोनच्या गाडीसाठी फाट्यावर गेला होता.

मी धावत गेलो. मामा पिशवी घेऊन बाभळीखाली उभा होता.

"मामा, सकाळी चहा कसल्या कपात घेतला?"

"कानाच्या. काहून?"

"तो पाहुण्यांचा होता. तुमच्यासाठी फुटका काढून ठेवला होता. चुकून बदलला."

मामाने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि सावकाश बुंध्याशी टेकून बसला.

"मला फुटका कप?"

"हो."

"जा. तुझ्या मायला सांग, तिचा भाऊ रुसला म्हणून."

आई तांब्या घेऊन आली. मी लांब पुलाच्या कठड्यावर बसलो आणि हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं. दोनची गाडी आली, थांबली, गेली. पुढचीही गेली.

कॉलेजात तक्ता देताना मी सतरावं काम खोडलं आणि शेवटी बत्तिसावं घातलं, 'मामाचा रुसवा काढणे', आणि वेळेचा रकाना कोरा सोडला. सरांनी तिथे लाल प्रश्नचिन्ह करून दोन गुण कापले.