कॅनडाआधीचा शेवटचा फाटा

बफेलो शहर लागलं तेव्हा माहरुखच्या मांडीवर गव्हाच्या कोंबांचं ताट होतं, आणि गाडी चालवणाऱ्या हुशंगकाकांची शिराजच्या शाळेतली गोष्ट काही संपत नव्हती. नवरोजचा, म्हणजे इराणी नववर्षाचा, तेरावा दिवस. आज घरात बसायचं नाही, वीतभर वाढलेली हिरवळ वाहत्या पाण्यात सोडायची. ओहायोत त्यांच्या गावाबाहेर ओढा होता, चांगला खळाळता. पण काकांच्या डोक्यात भलतंच.

"ओढ्यात काय सोडता? सोडायचं तर नायगाऱ्यात!"

"काका, सीमेजवळ मला जरा..."

"अगं, आपण अमेरिकेच्याच काठावर उभं राहणार. पलीकडे कोण ओढून नेतंय तुला?"

माहरुखला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण वडीलधाऱ्यांनी मायेनं बोलावलं की इराणी मुलगी नाही म्हणत नाही. हसते, आभार मानते, आणि मागच्या सीटवर जाऊन बसते.

तिच्या पासपोर्टावरचा व्हिसा एकदाच आत येण्याचा होता, आणि ते एकदा चार वर्षांपूर्वी वापरून झालं होतं. या देशाबाहेर पाऊल पडलं की पुन्हा अर्ज, इराणात अमेरिकेची वकिलात नाही म्हणून पुन्हा तिसऱ्या देशात जाऊन मुलाखत, आणि मग वाट बघणं. तिच्या लॅबमधला बेहरंग बहिणीच्या लग्नाला म्हणून दहा दिवस इराणला गेला. त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या टेबलावर आता दुसरी मुलगी बसते. माहरुखनं चार वर्षांत आईचं तोंड फक्त फोनवर पाहिलं होतं, ते याच धास्तीनं. मातीतल्या शिशावरचा तिचा प्रबंध सहा महिन्यांवर आला होता.

डावीकडे नदी दिसायला लागली. पलीकडचा काठ कॅनडाचा. आणि समोर हिरवी पाटी आली: कॅनडाचा पूल, उजवी लेन.

गाडी उजव्या लेनमध्येच होती.

"काका," माहरुख हळूच म्हणाली, "बहुतेक आपल्याला डावीकडे राहायला हवं."

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी, जानम."

"तसं नाही, काका, तुम्हाला माहीतच आहे, पण पाटीवर..."

"पाट्या परक्यांसाठी असतात!" ते आरशात बघून हसले. पुढे बसलेल्या त्यांच्या बायको, परवीन खानुमही हसल्या. "यांना रस्ता सांगायचा म्हणजे लग्न मोडायची तयारी ठेवायची, बरं का."

माहरुखही हसली. पाटी डोक्यावरून मागे गेली आणि ती हसत होती! असल्या अदबीचा मला संताप येतो. ती ज्याच्या खिशात अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे त्याला परवडते. हुशंगकाकांच्या खिशात तो होता. पूल ओलांडून गेले असते तर पलीकडे कबाब खाऊन संध्याकाळी घरी. माहरुखसाठी मात्र तोच पूल एकेरी होता.

दुसरी पाटी आली. कॅनडाआधीचा शेवटचा फाटा. तिनं तोंड उघडलं. शब्द बाहेर पडेपर्यंत फाटा मागे गेला.

दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या आणि रस्ता वर चढू लागला. काकांची गोष्ट मध्येच तुटली.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हा पूलच की. असू दे. पलीकडून वळून येऊ."

"थांबवा."

"अगं, इथं कसं..."

"गाडी थांबवा! थांबवा म्हणते ना!"

स्वतःच्या बापावरही ती कधी ओरडली नव्हती. काकांनी दचकून ब्रेक दाबला. ताट उडून सीटखाली उलटं पडलं. मागच्या ट्रकनं भोंगा लावून धरला. पुलाची कमान समोर, दगड मारला तर लागेल इतकी जवळ. माहरुखनं दाराची कडी धरली होती. उतरून भिंतीला धरून मागे पळायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मागून दिवे लुकलुकत गस्तीची गाडी आली. उंच, सुस्त चालीचा शिपाई काचेशी वाकला.

"कॅनडाला निघालात?"

हुशंगकाकांनी सवयीनं छातीवर हात ठेवला. "आज नाही, साहेब. पण माझी बहीण टोरांटोत असते, फार आग्रह करते. देवाच्या मनात असेल तर कधीतरी. तुम्हीही या आमच्याकडे जेवायला!"

"म्हणजे निघाला होतात?"

"नाही म्हणजे, तसं..."

ह्या माणसाचं गोड बोलणंच माहरुखला पलीकडे ढकलणार होतं. तिनं काच खाली केली.

"आम्ही कुठंही निघालो नव्हतो. यांचा फाटा चुकला. मी सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. चूक यांची आहे."

परवीन खानुमनी कपाळावर हात मारला. "माहरुख! परक्यासमोर?"

"माझा व्हिसा एकदाच येण्याचा आहे," ती शिपायाला म्हणाली. आवाज फाटला होता. "मी त्या पुलावर जाऊ शकत नाही."

तो तिचा पासपोर्ट घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला. ट्रकवाले शिव्या देत बाजूनं जात राहिले. माहरुख मागच्या काचेतून त्याच्या खाली घातलेल्या डोक्याकडे बघत होती. तो कुणाशी तरी बोलत होता. मान हलवत होता, नकाराची की होकाराची, कळत नव्हतं. तिला लघवीची कळ आली. आईला काय सांगायचं, हे वाक्य ती मनात जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

तो परत आला, पासपोर्ट तिच्या हातात दिला. "पुढं डावीकडं फाटक आहे. ते उघडतो, माझ्या मागं या. आणि आजोबा, पोरीचं ऐकत जा."

फाटकातून गाडी शहरात उतरली. आता तरी छातीतली धडधड थांबेल असं तिला वाटलं होतं. ती थांबली नाही.

"माफी माग त्यांची," परवीन खानुम न वळता म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या वयाचे आहेत."

हुशंगकाकांचे कान लाल झाले होते. ते वाट बघत होते, हे तिला कळत होतं. एक शब्द टाकला असता तर ते लगेच म्हणाले असते, जाऊ दे गं, आणि पुन्हा शिराजची शाळा सुरू झाली असती.

"पुढच्या सिग्नलला उजवीकडे," माहरुख म्हणाली.

ते उजवीकडे वळले.

"आता सरळ. सरळच. लेन बदलू नका."

रस्ता एकच होता, वळायला जागाच नव्हती. तरी दर पाटीला ती मोठ्यानं सांगत राहिली.