डावीकडे नव्वद ग्रॅम

शनिवारी चार वाजता भिंगरीची मोटरसायकलची परीक्षा होती, आणि एक वाजता त्याच मोटरसायकलचं पुढचं चाक आमच्या मागच्या अंगणात अधांतरी लटकत होतं.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायची नोकरी तिला सोमवारपासून लागणार होती, पण परवाना हातात असेल तरच. मागच्या शनिवारी इंग्रजी आठ काढताना तिचा पाय दोनदा जमिनीला टेकला. परीक्षकांनी पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली. हँडलच्या दांड्यातून 'ठक' असा आवाज आला.

"कोनसेट ढिला आहे. आवळून आणा. पुढच्या शनिवारी शेवटची संधी, नंतर तीन महिने नाही," ते म्हणाले.

कोनसेट म्हणजे दांड्याच्या वर-खाली बसवलेली दोन बेअरिंगं. हँडल त्यांच्यावरच फिरतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आठवडाभर "उद्या या" म्हणत राहिला आणि आज त्याचं शटरच उघडलं नव्हतं.

म्हणून इंजिनाखाली फळी आणि जॅक, टाकीवर जुनं ब्लँकेट आणि आम्ही तिघी. आईने चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली आहेत, त्यामुळे खाचांचा गोल नट फिरवायचा आकड्याचा पाना तिच्याच पेटीत निघाला. मी काटे-तराजू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हुक अडकवून ओढ मोजायचा तानकाटा माझा. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं: मुठीच्या टोकाला काटा अडकवून ओढा, तीनशे ते पाचशे ग्रॅमच्या दरम्यान हँडल हलायला लागलं पाहिजे.

वरचा मोठा नट आणि फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, धरणारे बोल्ट सैल करून मी खालचा गोल नट थोडा थोडा आवळत गेले. उजवीकडे ओढलं. चारशे!

"झालं! बरोब्बर मध्ये!" मला उडीच मारावीशी वाटली.

भिंगरी खाली बसून फोर्क पुढेमागे ओढत होती. आईने सांध्यावर दोन बोटं ठेवली. "अजून वाजतंय गं."

"आई, काटा चारशे दाखवतोय."

"दाखवू दे. माझ्या बोटांनी काही तुझं पुस्तक वाचलेलं नाही."

मी पुन्हा मोजलं. चारशे. सगळं घट्ट केलं, जॅक काढला. भिंगरी गल्लीत निघाली, वळताना झोकांडली, पाय टेकला, ब्रेक दाबला. ठक.

"ताई, मस्त दिवे लावलेस," ती हेल्मेटच्या आतून ओरडली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गाडी पुन्हा फळीवर चढली. मला काही सुचेना. हात रिकामे राहू नयेत म्हणून मी काटा दुसऱ्या मुठीला अडकवला आणि डावीकडे ओढलं.

नव्वद.

पुन्हा ओढलं. नव्वदच. उजवीकडे चारशे.

"काय झालं? तोंड का उघडं पडलंय?" भिंगरीने विचारलं.

"बेअरिंगला डावं-उजवं कळत नाही! दोन्हीकडे सारखंच यायला हवं. दुसरंच कुणीतरी ओढतंय!"

कोण ते शोधायला लांब जावं लागलं नाही. क्लचची तार, ब्रेकची तार, दिव्याच्या वायरी, सगळं एका प्लास्टिकच्या पट्टीने दिव्याच्या मागे करकचून बांधलेलं होतं. उजवीकडे वळलं की सगळा गठ्ठा ताणला जायचा.

"हे कुणी बांधलं?"

"तूच की! मागच्या महिन्यात. 'शी, किती लोंबकळतंय' म्हणून."

आई खुदकन हसली. "काखेत कळसा."

रोज सकाळी मी काट्यावर काही ठेवण्याआधी तो शून्यावर आहे का ते बघते. इथे मात्र माझ्या टापटिपीचं वजन मी बेअरिंगच्या नावावर खपवलं होतं. पट्टी कापली, तारा मोकळ्या केल्या. उजवीकडे दीडशे, डावीकडे दीडशे. म्हणजे आईची बोटं खरी होती. कोनसेट ढिलाच होता.

"आवळ!" दोघी एकदम म्हणाल्या.

आवळलं. तीनशे नव्वद, तीनशे नव्वद. वरचा मोठा नट घट्ट करून सवयीने पुन्हा मोजलं, तर सहाशे.

"वरचा आवळला की खालच्याच्या आट्यांमधला सैलपणाही जातो," आई म्हणाली. "मशीनच्या दट्ट्याचं असंच असतं. आधीच केसभर सैल सोडायचा."

केसभर सैल. वरचा घट्ट. साडेपाचशे. आणखी केसभर. आता भिंगरी आकडे वाचत होती आणि तिचा आवाज चढत चालला होता. "चारशे वीस! दुसरीकडे... चारशे दहा! ताई!"

आईने बोटं ठेवली, भिंगरीने फोर्क ओढले. आईने मान हलवली. "गप्प झालंय."

फोर्कचे बोल्ट पक्के केले. तीन वाजून वीस मिनिटांनी हात न धुताच निघालो.

मैदानावर परीक्षकांनी ब्रेक दाबला, गाडी हलवली, कान लावला, पुन्हा हलवली. मग शिट्टी वाजवली.

भिंगरी निघाली, चालत्या माणसाच्या वेगाने. पहिलं वळण. हँडल आपणहून वळल्यासारखं वळलं. दुसरं वळण. मी तिच्या बुटांशिवाय कशाकडेच बघत नव्हते. ते पायदानांवरून हलले नाहीत. एक आठ झाला, दुसरा झाला, आणि ती तिसऱ्यात शिरली.

"अहो बाई, बास!" परीक्षक कागदावर सही करता करता ओरडले. "दोनच काढायचे असतात!"

"काढू द्या हो," आई म्हणाली, "आता कुठे ती गाडी हिचं ऐकायला लागलीये."