दोघांच्या गेमचं कुलूप

दिपेशच्या तोंडून हिरामणचं नाव निघालं की सुजितच्या पोटात जळजळ सुरू व्हायची. आधी त्याला वाटलं पित्त असेल. पण पित्त काही एकाच माणसाचं नाव ऐकून उसळत नाही, हे त्याला लवकरच कळलं.

मुरुडच्या एसटी स्टँडसमोर सुजितचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दिपेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कोळीवाड्यातला, धर्मा नाखव्याच्या बोटीवर खलाशी. एकदा बोट सुटली की आठ-दहा दिवस दिपेशचं दर्शन नाही. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, आणि जाळी शिवून झाली की दुपारी दिपेश दुकानात हजर. लोक गणपतीची वाट बघतात तशी सुजित त्या दोन महिन्यांची वाट बघायचा.

दोघांचा एक गेम होता. तीन वर्षांपूर्वी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेला. शिडाचं जहाज आणि दोन खेळाडू. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शिडं सांभाळायची. एकट्याने खेळताच येत नाही. शिवाय कंपनीने त्याला कुलूप घातलेलं. गेम एकाच मशीनवर चालणार आणि दर पंधरा मिनिटांनी नेटवरून कंपनीची परवानगी मागणार. नेट गेलं की पडदा काळा. कोळीवाड्यात नेटचा भरवसा नाही, दर्यात तर विचारूच नका. म्हणजे खेळायचं तर सुजितच्या दुकानात, सुजितच्या मशीनवर, सुजितला खेटून बसून. जगभरचे खेळाडू त्या कुलपाच्या नावाने बोटं मोडत होते. सुजितचा मात्र त्या कुलपावर भारी जीव.

यंदा फक्त शेवटचा टप्पा राहिला होता, भर समुद्रातल्या वादळाचा. तो जूनमध्येच उरकला असता, पण दिपेश अडून बसला.

"नारळ सोडल्याबिगर खोल दर्यात जायाचं न्हाय."

"अरे, गेम हाय तो!"

"गेम असला म्हनून काय झालं? पुनवेला नारळ सोडू, मंग काढू जहाज."

सुजितने त्याची यथेच्छ टिंगल केली, पण मनातून तो सुखावला होता. शेवटच्या टप्प्याला मुहूर्त लागला, आणि तोही दोघांचाच. तोवर जुनेच टप्पे पुन्हापुन्हा खेळायचे ठरले.

नेमका त्याच सुमारास हिरामण उगवला. दिघीचा, धर्मा नाखव्याने यंदा नवीन घेतलेला खलाशी. हिरामण नकला काय करतो, हिरामण कालवण काय करतो! शिडं उतरवायच्या ऐन वेळी दिपेश हिरामणच्या गोष्टी सांगत बसला आणि जहाज दोनदा खडकावर आपटलं. सुजितने हिरामणला अजून पाहिलंही नव्हतं. तरी त्याचे दात पुढे असणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

जुलै संपता संपता, एका सकाळी सुजितच्या फोनवर बातमी आली. कंपनीने कुलूप काढलं होतं. गेम जुना झाला, खेळणाऱ्यांची ओरड वाढली, शेवटी कंपनी नमली. आता नेट नको, परवानगी नको. घेतलेला गेम आपल्या कुठल्याही मशीनवर टाका, जुना डावही सोबत न्या. खाली लोकांनी आनंदाचा नुसता धिंगाणा घातला होता. सुजितला घाम फुटला. दिपेशकडे लॅपटॉप होता, सुजितनेच दुरुस्त करून दिलेला. बोटीवर तो चार्ज करायची सोय होती. आणि बोटीवर हिरामण होता.

दिपेशला त्याने यातलं अक्षरही सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी दिपेश धावतच आला, कपाळाला गुलाल.

"सुज्या, घोटाळा झाला. नाखवा उद्या पहाटेच निघतो म्हनतोय. आज दिवसभर बर्फ भरायचाय, डिझेल भरायचंय. दुपारचं न्हाय जमनार. पन ऐक, हिरामण म्हनतो कंपनीनं लॉक काढलंय. माझ्या लॅपटॉपवर टाकून दे ना आपला डाव. जाळं टाकलं की रिकामंच बसतो आमी."

सुजितच्या डोळ्यांपुढे बोट आली, लॅपटॉप आला, आणि दिपेशला खेटून बसलेला तो दातपुढ्या.

"ते परदेशातल्या लोकांसाठी हाय," तो म्हणाला. "आपल्याकडं न्हाय लागू. टाकाया गेलो तर तीन वर्षांचा डाव उडंल."

खोटं इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कोळीवाड्यात फोन आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत सुजितचा शब्द म्हणजे शेवटचा. दिपेशने लगेच मान डोलावली.

"मंग नको बाबा. डाव उडाया नको आपला."

बोट गेली. दोन दिवस सुजित खुशीत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की गेम असो-नसो, हिरामण बोटीवर आहेच. जेवायला तोच, झोपायला शेजारी तोच. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या फोनची चांगली काच फोडली आणि दोष गिऱ्हाइकालाच दिला.

दहाव्या दिवशी दिपेश पापलेटांची पिशवी घेऊन दुकानात शिरला.

"सुज्या, गेम झाला! संपला!"

"कुठला गेम?"

"आपलाच की! हिरामणनं सोताचा लॅपटॉप आनला व्हता. लॉक निघाल्यावर त्यानं बी इकत घेतला. पहिल्यापास्नं सुरू केला आन आठ दिवसात खलास. भर दर्यात, बिननेटचा! शेवट तर असला भारी हाय, तुला काय सांगू!"

तीन वर्षं आणि आठ दिवस. सुजितला वेगळंच काही विचारायचं होतं.

"सुकाणू कोनाकडं व्हतं?"

"हिरामणकडं."

तीन वर्षं सुकाणू सुजितकडे होतं. त्याला हिरामणचा इतका राग आला की समोर उघडलेल्या फोनचा स्क्रू त्याने गरजेपेक्षा जास्तच पिळला.

दिपेश मात्र जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पन लई भांडान झालं आमचं. गेम संपल्यावर म्हनला, तुझ्या दोस्ताला सगळं ठाव व्हतं, मुद्दाम खोटं बोलला तो. माझं टाळकंच फिरलं. म्हनलं, सुजितला कळलं नसंल, पन माझ्याशी खोटं तो जन्मात बोलनार न्हाय. लई बोललो त्याला, आईबापावर गेलो. दोन दिस झालं, तोंड बघितलं न्हाय त्याचं."

सुजितला आठवडाभरात पहिल्यांदा गार वाटलं. आता फक्त मान हलवायची होती. हिरामण खोटा ठरला असता, कायमचा तुटला असता, आणि दिपेश पूर्वीसारखा एकट्या सुजितचा झाला असता. त्याने दिपेशकडे पाहिलं. दिपेश किती विश्वासाने त्याच्याकडे बघत होता, आणि तेच सुजितला सोसवेना.

"मला ठाव व्हतं," तो म्हणाला.

दिपेश आधी हसला. मग सुजितचा चेहरा बघून थांबला.

"कवापास्नं?"

"जुलैपास्नं. तू त्याच्यासंग खेळशील म्हनून सांगितलं न्हाय."

दिपेश पिशवी तिथेच ठेवून उठला.

"कुठं चाललास?" सुजितने विचारलं.

"हिरामणकडं," दिपेश चपला घालत म्हणाला. "माफी मागाया."