डबे भरले, जांबही किडले

शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी आपसात ठरवावं, मग आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर यावं.

बाभुळगावच्या अलीकडे आमचा तांडा. तिथं माझी जांबाची पस्तीस झाडं आहेत. बाहेरचे लोक त्याला पेरू म्हणतात. सलग दोन पावसाळे फळांत अळ्या निघाल्या. यंदाही निघाल्या तर झाडं तोडून कापूस लावीन, असं मी बायकोला तोंडावर सांगितलं होतं. धनीबाईनं ती झाडं डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली. ती एवढंच म्हणाली, "कापूस खाता येते काय?"

म्हणून फळमाशीचे सापळे आणले. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत औषध लावलेला लाकडाचा तुकडा. त्याच्या वासानं माश्या आत येतात न् मरतात. आठ दिवसांत डबे गच्च भरले. मी फवारणीचा पंप पाठीवर घेतला. कापसात आम्हाला हेच शिकवलेलं: डब्यात बोंडअळीचे पतंग वाढले की समजा धोका आला, फवारा. तरी आधी वर्षा मॅडमना फोन लावला. शेतीची माहिती सांगायला त्याच येतात.

"मॅडम, डबे भरले. फवारू?"

"नका हो देवीलालभाऊ! भरले म्हणजे चांगलं."

"कापसात तं वाईट रायते!"

"तिथले सापळे कीड मोजायला असतात. हे मारायला आहेत."

पंप उतरवला. पुढच्या आठवड्यात माश्या कमी पडल्या. पुन्हा फोन.

"कमी झाल्या म्हणजेही चांगलंच," मॅडम म्हणाल्या.

"मंग वाईट कवा असते, थे तं सांगा!"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मूठभर मेलेल्या माश्या हातात घेऊन मी झाडाखाली बसलो, न् मी जिंकून राह्यलो का हारून, तेच समजेना. तेवढ्यात धनीबाईनं एक जांब विळ्यानं चिरला. आत अळ्या वळवळत होत्या. दुसरा चिरला. तेच.

मी कुऱ्हाड आणायला उठलो. तिनं माझ्या हातातला फोन ओढला न् मॅडमना पुन्हा लावला.

"मॅडम, किती मेले थेच पाहून राह्यलो आमी. कोन मेलं थे सांगा."

"सगळे नर, धनीबाई. त्या वासाला फक्त नरच येतात."

"न् मादी?"

"ती येत नाही. आसपास सडकी फळं असतील तर तिथं वाढलेल्या माद्या मिलन झाल्यावर उडून येतात, तुमच्या फळात अंडी घालतात."

ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला काय तोंड दुखत होतं?

शेजारी बापूजींची जांबाची बाग. झाडाखाली पडक्या फळांचा नुसता चिखल. बापूजी धुऱ्यावर उभेच होते. मी काही बोलायच्या आत तेच चढले.

"तुह्या डब्याच्या वासानं साऱ्या गावच्या माश्या इकडं आल्या, देवीलाल! माहे जांब तूच सडवले."

"माह्या वासानं नर येते बापूजी. अंडे नर देते काय?"

"मंग नराच्या मांगं मादी येत नसन काय?"

येत असंल काय? फोनची बॅटरी उतरलेली, मॅडमना विचारता येईना. बापूजी खोटं बोलून राह्यले म्हणावं, तर माझ्याजवळ पुरावा नाही. खरं बोलून राह्यले म्हणावं, तर त्यांच्या पायाखालचा सडका ढीग कोणाचा?

धनीबाई मात्र रिकामी चुंगडी, जुनं पोतं, घेऊन सरळ त्यांच्या बागेत शिरली न् सडके जांब वेचू लागली.

"ए बाई! खत होते त्याचं! देवीलाल, आवर तुह्या बायकोले!"

"खत नाही, माश्या होते बापूजी," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्याबी न् आमच्याबी."

मी धुऱ्यावर तसाच उभा. तिनं भरलेली चुंगडी ओढत माझ्या पायाशी आणून टाकली.

"झाडं तोडाची का नाही, थे मंग पाहू," ती म्हणाली. "पह्यले गड्डा खंदा. दोन फूट खोल. मादी वर आली नाही पाह्यजे."

कोण खरं, ते मला अजून कळलं नव्हतं. मी कुदळ आणायला गेलो.