सीमेपलीकडचा उतार

मित्रांनो, माझ्या या नव्या ड्रायव्हरला लाज म्हणून नाही. स्टिअरिंगसमोरचा धोक्याचा लाल दिवा सारखा पेटतो, म्हणून या शहाण्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. कण्हणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तशी.

मी एक जुनी बस आहे. बावीस वर्षं दोन देशांमध्ये ये-जा करते. शाळेत कधी गेले नाही, शाळेसमोरून फक्त हळू गेले. अक्षरं शिकले ती रस्त्यावरच्या पाट्यांवरून, तेव्हा चूकभूल पोटात घाला.

एका मोठ्या शेडमध्ये माझा सांगाडा उभा राहिला. शेवटचा सांधा जोडून वेल्डरने माझ्या कुशीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, नाव काढ."

मी काढलंही. माझ्या पहिल्या ड्रायव्हरला सगळे काका म्हणत. सीमेवर प्रवासी पासपोर्ट घेऊन पायी पलीकडे जातात, आणि तपासणी झाली की मी रिकामी मागून जाते. तिथून पुढे बारा किलोमीटरचा उतार आहे. सगळे पुन्हा चढून बसले की उतारावर निघण्याआधी काका उभ्या जागीच इंजिन बंद करायचे. "आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. हिचा श्वास ऐकू दे." माझे ब्रेक हवेवर चालतात; हवा फार उतरली की मागची चाकं आपोआप जखडतात. हवा कुठे गळत असेल, तर ती शांततेतच कळते.

एकदा एक नवी नवरी हसून म्हणाली, "काका, घरी काकूंचंही इतकं ऐकता का?"

"ऐकतो ना, म्हणून तर धडधाकट आहे," काका म्हणाले.

काका थकले, घरी बसले. मालकाने मला नवा रंग दिला, मऊ सीट दिल्या, पडदे लावले. लोक म्हणाले, काय दिसतेय! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मागच्या चाकाजवळची हवेची नळी चिरत चालली होती. तिथे कोणी वाकून पाहिलं नाही. नवा ड्रायव्हर तर तीन दिवस इंजिन बंदच करत नव्हता. इंजिन चालू असलं की हवा भरत राहते, आणि आवाजात गळती झाकली जाते.

आज दुपारी सीमेवरचा अधिकारी म्हणाला, "इंजिन बंद कर."

"साहेब, एसी बंद पडेल."

"आत आहे कोण? तूच ना? येऊ दे घाम."

इंजिन थांबलं आणि माझा फुसफुसाट सगळ्यांनी ऐकला. हवा उतरली, मागची चाकं सीमेच्या पिवळ्या रेघेवरच जखडली. पण त्या अधिकाऱ्याचं काम सामान बघायचं. "ही कटकट तुझ्या मालकाला सांग," म्हणाला आणि फाटक उघडलं.

शंभर पावलांवर मेकॅनिक होता. हा ड्रायव्हर गेला नाही. ॲक्सिलरेटर दाबून दाबून हवा भरली आणि मला प्रवाशांपुढे उभं केलं.

एका आजीबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि थबकल्या. "बाबा रे, हा सापासारखा आवाज कसला?"

"एसीचा, आजी. चढा लवकर."

"एसी चाकात कधीपासून बसवायला लागले?" त्यांनी नातीचा हात धरला आणि कडेच्या बाकावर जाऊन बसल्या. "जा तुम्ही. या वयात मला पुढे जायची घाई नाही."

बाकीचे हसले आणि चढले. एकोणचाळीस माणसं.

आता उतार लागला आहे. प्रत्येक वळणावर याचा पाय ब्रेकवर जातो आणि इंजिन भरतं त्याहून जास्त हवा माझ्यातून जाते. उभी असताना चाकं जखडली तर निभावतं. वळणावर जखडली तर काय होतं, ते मी सांगत नाही. मागच्या सीटवर लहान पोरं आहेत.

मित्रांनो, गाडीच्या सीट बघून भुलू नका. वेगळा आवाज आला तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर खाली उतरा. हसणाऱ्यांना हसू द्या.

आणि तू रे, चिकटपट्टीवाल्या! मोठ्याने सांगते, माझ्या फुसफुसाटात ऐकू आलं तर ऐक. हातात स्टिअरिंग धरलं म्हणून कोणी ड्रायव्हर होत नाही. माझ्यात आत्ता चाळीस जण बसलेत, आणि चालवणारा एकही नाही.