तळहातावरचा फवारा

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचं इंजिन सकाळपासून काळा धूर ओकत होतं. कापसाच्या हंगामात सिंदीत इंजिन बिघडलं की फाटकापासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत कापसाच्या बैलबंड्या तुंबायच्या, आणि बंडीवाल्यांच्या तोंडी इंजिन ड्रायव्हर बापूरावांचा उद्धार सुरू व्हायचा.

बापूरावांची बायको नलू लहानग्या छबूला कडेवर घेऊन त्यांचा डबा द्यायला आली, तेव्हा त्यांनी इंजिन थांबवून डिझेल फवारणारं नोझल बाहेर काढलं होतं. वीतभर पोलादी तुकडा. आत स्प्रिंग, डोक्यावर स्क्रू. स्क्रू आवळला की दाब वाढायचा आणि डिझेल धुक्यासारखं बारीक सुटायचं. सैल राहिला की थेंब गळायचे, धूर व्हायचा. नागपूरला बी.ए. झालेल्या नलूला या यंत्राचं काडीचं प्रेम नव्हतं, पण तिची नजरच अशी होती की समोरचं काही सुटायचं नाही. इंजिन कसं सुरू होतं, कुठल्या खटक्यानं थांबतं, सगळं तिला माहीत झालेलं.

बापूरावांनी नोझल नळीला बाहेरच जोडलं आणि त्याच्या तोंडासमोर उजवा तळहात धरला. या भागातले सगळे ड्रायव्हर दाब असाच पाहायचे. धुकं हाताला सारखं आणि थंड लागलं की जमलं.

"मार, नत्थू."

तेलपाणी पाहणाऱ्या नत्थूनं पंपाचा दांडा मारला.

"अजून थेंबच येऊन राह्यले." बापूरावांनी स्क्रू आवळला.

"अहो, हातावर कशाला घेता? कागद धरा ना समोर," नलू म्हणाली.

"कागदाले काय समजते वो, बी.ए. बाई?"

नत्थू फिदीफिदी हसला. "वहिनी, तुमी मारता का दांडा? मी छबूले घेतो."

स्क्रू पुन्हा आवळला. हात या वेळी आणखी जवळ. दांडा बसला, चर्रकन आवाज झाला आणि बापूरावांनी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"काई नाई. मुंगी चावल्यावानी वाटलं. पण दाब जमला पाहा!"

नलूनं हात ओढून पाहिला. तर्जनीच्या मुळाशी एक ठिपका. रक्तसुद्धा नव्हतं.

नोझल जागेवर बसलं, इंजिन सुरू झालं. धूर निवळला. मालक महादेवराव स्वतः आले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, बापूराव! आता संध्याकाळपर्यंत थांबवू नका."

बापूराव कौतुकात जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडला तो बोटातून निसटला. दुसराही निसटला. नलूनं बोट हातात घेतलं. मेणासारखं पांढरं, गार.

"दुखतं का?"

"दुखत कुठं? बधिर झालं नुसतं. काऊन घाबरून राह्यली तू?"

तिनं ठिपक्याच्या भोवती हलकेच दाबलं. चकचकीत थेंब वर आला. तिनं वास घेतला. डिझेल.

मागे तापात तिला डॉक्टरांनी सुई टोचली होती. तिचंही भोक एवढंच होतं. औषध मात्र अंगभर गेलं होतं.

जिनिंगच्या मागेच त्यांची खोली होती. छबूला सासूकडे सोपवायला ती धावत गेली. अनुसयाबाईंनी ऐकून घेतलं. "त्यात काय एवढं? हळद लाव अन् गरम विटेनं शेक."

"नको, आई. आतलं तेल तापून पसरलं तर?"

"शिकलेल्या सुनेले आता शेकही चालत नाई! इतकी वर्षं तो हातावरच फवारा घेऊन राह्यला. तवा कोणाचा हात झडला का?"

नलूनं छबूला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती परत निघाली.

बापूराव डाव्या हातानं तेलाची बुधली धरून उभे होते. उजवा तळहात पुरीसारखा टम्म फुगला होता, आणि आता ठणकू लागला होता. कपाळावर घाम.

"वर्ध्याची पॅसेंजर आता येईल. दवाखान्यात चला."

"बंड्या सरू दे, मग जाऊ. माह्याशिवाय इंजिन पाहणारा आहे कोण?"

महादेवराव दारातूनच म्हणाले, "बाई, टाचणीएवढ्या जखमेसाठी काय जिन बंद ठेवू?"

नलूनं एकदा नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिनं खटका ओढला.

इंजिन धापा टाकत थांबलं. जिन फिरवणारे पट्टे लोंबले. जिनवरच्या बाया, हमाल, बंडीवाले, सगळे दाराशी गोळा झाले.

"बापूराव, बायकोले आवरा!" महादेवराव ओरडले. "अन् चालू करा ते!"

बापूरावांचा चेहरा लाल झाला. नलूकडे न बघता ते इंजिन सुरू करायच्या हँडलकडे गेले. उजव्या हातानं ते धरायला गेले आणि बोटं हँडलभोवती मिटलीच नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. हातातून कळ गेली. नत्थूचं हसू कधीच मावळलं होतं. त्यानं येऊन हळूच त्यांचा हात हँडलवरून काढला.

"जा, दादा. गाडी येते."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तळहात उभा चिरला. आतून जे निघालं त्याला डिझेलचाच वास होता.

"शेक दिला होता?"

"नाही," नलू म्हणाली.

"चांगलं केलं. हात राहील. बोटाचं आज सांगता येत नाही."

डॉक्टर गेल्यावर बापूराव छताकडे पाहत पडले होते. हात उशीवर उंच ठेवलेला.

"चारचौघांत इंजिन बंद केलं तू."

"हो."

"मालक दुसरा ड्रायव्हर आणतीन."

"आणू द्या."

तिचं लक्ष बँडेजातून बाहेर आलेल्या तर्जनीच्या टोकावर होतं. ते अजून पांढरंच होतं. तिनं नखानं त्याला चिमटा घेतला. मग आणखी जोरात घेतला.

"बोटाला समजलं का हो?"

बापूरावांनी मान वळवली.

"काय?" ते म्हणाले.